सात वर्षांचे पीक



घराचा पाया आखताना गवंडी काय करतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 हात, दुसऱ्या बाजूला 4 हात मोजतो. दोन खुणांमधली दोरी बरोबर 5 हात भरली की कोपरा गुण्यात आला. कारण 3 चा वर्ग 9, 4 चा वर्ग 16. बेरीज 25, म्हणजे 5 चा वर्ग.

आता वर्गाऐवजी घन घ्या. दोन घनांची बेरीज तिसऱ्या पूर्ण संख्येचा घन होईल का? कधीच नाही, पुढच्या कोणत्याही घातालाही नाही, असे फ्रान्समधल्या फर्मा नावाच्या गणितज्ञाने 1637 च्या सुमारास पुस्तकाच्या समासात लिहिले. सिद्धता मात्र दिली नाही.

तुम्ही म्हणाल, आकडे घालून पाहावेत! पण लाख आकडे तपासले तरी पुढचा एखादा फसवणार नाही कशावरून? बियाणे दहा शेतांत उतरले की आपण ते पेरतो. गणितात तेवढ्याने भागत नाही.

इंग्लंडच्या अँड्र्यू वाइल्स यांनी दहाव्या वर्षी हे कोडे वाचनालयातल्या पुस्तकात वाचले. 1986 साली अमेरिकेत प्रिन्स्टनला प्राध्यापक असताना ते त्यामागे लागले. घराच्या माळ्यावरची खोली, कागद आणि पेन्सिल, एवढीच अवजारे. कितीतरी वर्षे पत्नीशिवाय कोणाला पत्ता नव्हता. जून 1993 मध्ये केंब्रिजला त्यांनी उत्तर जाहीर केले. जगभर नाव झाले.

आणि मग तपासणीत एक चूक निघाली. बांधाला खेकड्याचे एक बीळ पडले तरी खाचरातले पाणी निघून जाते, तसेच हे. सात वर्षांचे पीक खळ्यावर येऊन हातचे जाण्याची वेळ आली. रिचर्ड टेलर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन ते वर्षभर झगडले. हार मानण्याच्या बेतात असताना, 19 सप्टेंबर 1994 रोजी, पूर्वी टाकून दिलेलीच एक रीत उपयोगी पडली. 1995 साली सिद्धता छापून आली.

यातून धान्य पिकले नाही, हे खरे. पण साडेतीनशे वर्षांचा ‘असेल’ गेला आणि ‘आहे’ आला. शुद्ध गणितवाल्याची कमाई ती हीच.

आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना विचारा: 5 आणि 12 हात मोजले, तर तिसरी बाजू किती? 8 आणि 15 घेतले तर? उत्तर सांगू नका; दोरी त्यांच्या हातात द्या.