'रोजची' म्हणून मोकळे होऊ नका

मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागितली जाते. ज्या ग्रीक शब्दासाठी 'रोजची' योजले तो 'एपिऊसिओस'. तो मत्तय ६:११ व लूक ११:३ येथे येतो. त्यापूर्वीच्या ग्रीक वाङ्मयात त्याचा निर्विवाद आढळ नाही. हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे ग्रीकमध्येच लिहिणाऱ्या ओरिजेनने तिसऱ्या शतकात म्हटले होते. मग आमच्या अनुवादकांना एवढी खात्री कोठून?

१८८९ साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्तच्या एका पपायरसवर, खर्चाच्या यादीत, हा शब्द सापडल्याचा बराच गाजावाजा झाला. 'रोजचा शिधा' या अर्थाला त्याने बळ मिळाले. पुढे हरवलेला तो कागद पुन्हा गवसला आणि १९९९ साली त्याचे नवे वाचन प्रसिद्ध झाले. तेथे निघाले 'तेल'! तेलाच्या हिशेबावर विद्वान भाकर भाजत होते.

लूकच्या त्याच ओळीत 'दररोज' यासाठी 'काथ् हेमेरान' हा सरळ प्रयोग आहे. 'एपिऊसिओस'ही 'रोजची' असेल तर ही द्विरुक्ती कशासाठी? प्रेषितांची कृत्ये ७:२६ मध्ये 'एपिऊसा' म्हणजे येणारा दिवस. इब्री शुभवर्तमानात येथे 'माहार', म्हणजे 'उद्याची', होते, अशी जेरोमची साक्ष आहे. आम्हांस हाच अर्थ सबळ वाटतो. हातावर पोट असणारा आज उद्याचीच भाकर मागतो. भाविकाला व्याकरण कशाला, असे विचारणाऱ्यांनी निदान ही एक तळटीप तरी छापावी.