व्यालेली कुत्री आणि आपली मुले

पावसाळा सरून थंडी पडू लागली की गल्लीबोळांत कुत्र्या वितात आणि दवाखान्यात कुत्रे चावलेली मुले येऊ लागतात. "डॉक्टर, रोज आमच्याकडची भाकरी खाणारी कुत्री, पिसाळली बघा!" खोदून विचारले की बहुधा एकच हकीकत निघते. पोराने पिल्लू उचलले होते.

पिसाळणे वेगळे आणि पिल्ले राखणे वेगळे. पिल्ले जन्मतः आंधळी व बहिरी असतात. डोळे उघडायला १० ते १४ दिवस लागतात, अंगात ऊब धरता येत नाही. इतकेच काय, आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवी-शीदेखील होत नाही! म्हणून सुरुवातीला ती खाण्यापुरतीच उठते. कोणी जवळ गेले की आधी गुरगुरते, दात दाखवते. हा इशारा मोठ्यांना कळतो, चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. जागा धोक्याची वाटली तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते, आणि आपण "पिल्ले खाल्ली" म्हणून मोकळे होतो.

काही जण पिल्ले पोत्यात भरून गावाबाहेर सोडून येतात. मला हे क्रूर तर वाटतेच, शिवाय निरुपयोगीही. पान्हावलेली आई बिथरून आळीभर हुंगत फिरते. त्यापेक्षा दीड-दोन महिने, पिल्ले दूध तोडेपर्यंत, मुलांना त्या कोपऱ्याकडे फिरकू देऊ नये. नंतर तिच्या नसबंदीसाठी नगरपालिकेच्या मागे लागावे.

मात्र "पिल्लांमुळे चावली, मग इंजेक्शन कशाला?" असे कोणी म्हणाले की मला धडकी भरते. चावण्याचे कारण कळले म्हणून रेबीजची शक्यता संपत नाही, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लू चावले तरी नियम तोच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता दंडात ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देतात. रक्त आले असेल तर जखमेत सिरमही भरावे लागते. कुत्रीवर १० दिवस नजर जरूर ठेवावी, पण पहिल्या इंजेक्शनासाठी ते १० दिवस थांबू नये.