धर्माला पुराव्यातून सूट कशासाठी?

वाचकहो, विज्ञानाने वस्तुस्थिती सांगावी, धर्माने मूल्ये सांगावीत आणि कोणी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकू नये, असा उपदेश तुमच्या कानी वारंवार पडत असेल. अमेरिकेतील पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी १९९७ साली हा विचार मोठ्या सौजन्याने मांडला. त्यांनी ती हद्द उभय पक्षांना बंधनकारक मानली होती, हे नमूद केलेच पाहिजे. आमचे धर्ममार्तंड मात्र वाटेल तेव्हा वस्तुस्थितीच्या हद्दीत शिरतात आणि पुरावा मागताच ‘हा श्रद्धेचा प्रश्न आहे’ असे म्हणून माघारी पळतात! असे पक्षकार आम्हां वकिलांच्या चांगल्या परिचयाचे असतात.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी मंत्रघोषात तळ्यात रित्या करून ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, हे विधान मूल्याचे की वस्तुस्थितीचे? ते पाण्याविषयीचे विधान आहे, आणि पाणी तपासता येते. शेणाने काय होते तेही तपासता येते. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. या विधानाला विज्ञानाच्या हद्दीबाहेर ठेवले, तर अस्पृश्यतेला कायमचे अभय मिळाले असते.

पुढे प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे फिर्यादींचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ते अमान्य केले. विटाळ खरा की खोटा, या वादात निकाल अडकला नाही. वहिवाट अनादि असल्याचे शाबीत झाले नाही, एवढ्यावरच दावा कोसळला.

हाच न्याय आपल्या घरीही लागू आहे. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाने वृद्ध, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. ग्रंथ बौद्धांसाठी, कथा बौद्धांची, तरीही सूट नाही. मग ‘अणूचा शोध बुद्धानेच लावला’ अशा गप्पा आपल्यातील काहीजण कशाला मारतात? पुष्पक विमानाला हसणाऱ्यांना ही भाषा शोभत नाही.

उद्या कोणी चीवरधारी तुमच्या दारी येऊन परित्राणाच्या पाण्याने मुलाचा ताप उतरवितो म्हणाला, तर त्याला आदराने बसवा, पाणी द्या, पुरावा विचारा. आणि मुलाला घेऊन तडक दवाखान्यात जा.