खेळाडूंच्या चित्रांचा संग्रह : छंद कीं नाद ?

गेल्या सहामाहींत, वर्गांत समासाचा पाठ चालूं असतां, मागील बाकावरील एका विद्यार्थ्याच्या हातीं क्रिकेट-खेळाडूंच्या चित्रकार्डांची जुडी दिसली व ती मीं काढून घेतली. रिवाजाप्रमाणें ती कपाटांत टाकिली, आणि प्रकरण मिटलें असें मानिलें. परंतु तें मिटावयाचें नव्हतें. पुढच्याच आठवड्यांत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री शाळेंत आल्या. रेल्वेच्या मासिक पासासाठीं दिलेले पैसे मुलानें या कार्डांच्या पाकिटांत घालविले होते, व कित्येक दिवस तो बोरीवलीहून अंधेरीपर्यंत विनातिकीट येत होता. तपासनिसानें त्यास पकडिलें तेव्हां घरीं ही गोष्ट कळली. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होतें. दंडाच्या रकमेपेक्षां मुलगा खोटें बोलला याचेंच दुःख त्यांस अधिक होतें.

यानंतरच्या पालकसभेंत कित्येकांनीं मागणी केली कीं, असलीं कार्डें शाळेंत आणण्यास सक्त मनाई करावी, आणि जीं सांपडतील तीं फाडून टाकावीं. निर्णय पुढील सत्रावर ठेविला आहे. तत्पूर्वीं या विषयाच्या दोन्ही बाजू विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडाव्या, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा छंद आजकालचा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सिगारेटचें पातळ पाकीट चेपूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. त्या तुकड्यावर चित्र छापिलें म्हणजे गिऱ्हाईक तोच माल पुन्हा घेतें, हें कारखानदारांच्या लवकरच ध्यानीं आलें. १८९६ सालीं इंग्लंडांत विल्स कंपनीनें क्रिकेटपटूंची चित्रमाला काढिली. अमेरिकेंत बेसबॉलपटूंचीं चित्रें निघालीं. त्यांपैकीं होनस वॅग्नर नांवाच्या खेळाडूचें, १९०९ ते १९११ च्या मालेंतील, तळहाताहून लहान असें एक कार्ड २०२२ मध्यें साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें. पुढें तंबाखूची जागा च्युइंगमनें घेतली. आपल्याकडेही गेल्या शतकाच्या अखेरीस ‘बिग फन’ नांवाच्या च्युइंगमबरोबर क्रिकेटचीं चित्रें मिळत, आणि तीं जमविण्यासाठीं मुलें गोडी संपण्यापूर्वींच दुसरी वडी तोंडांत घालीत. ज्यांस तेंही परवडत नसे, तीं वर्तमानपत्रांतील कात्रणें खळीनें वहींत चिकटवीत, अथवा संदीप पाटील ज्याचे संपादक होते त्या ‘एकच षटकार’ या नियतकालिकांतील रंगीत पानें भिंतीस लावीत. पालकसभेंत जे गृहस्थ मोठ्या आवेशानें बोलले, त्यांतील कित्येकांच्या माळ्यावर शोध केल्यास अशी एखादी वही आजही निघेल, याविषयीं मला शंका नाहीं.

म्हणून या छंदांत दोष नाहींत असें मुळींच नव्हे. पहिला दोष असा कीं, पाकीट बंद असतें. आंत कोण आहे हें पैसे दिल्यावांचून कळत नाहीं. ज्या खेळाडूस मुलें अधिक मागतात, त्याचें कार्ड दुर्मिळ ठेवणें हें विकणाऱ्याच्या हिताचें असतें. म्हणजे मूल जें विकत घेतें तें चित्र नव्हे, तर सोडतीचें तिकीट होय. दुसरा दोष, मधल्या सुटींत कार्डें पणास लावून खेळण्याचा. त्यास कोणतेंही गोड नांव दिलें तरी तो जुगारच. तिसरा दोष असा कीं, ज्या आयपीएल स्पर्धेच्या नांवावर हीं कार्डें हल्लीं खपतात, ती २००८ मध्यें सुरू झाल्यापासून तींतील खेळाडू लिलांवानें संघ बदलीत आले आहेत. आज ज्याचें चित्र निळ्या पोशाखांत जिवापाड जपावें, तो उद्यां पिवळ्या पोशाखांत दिसतो, आणि जुनें कार्ड ‘शिळें’ म्हणून टाकून नवें घेण्याची घाई होते. ज्या संग्रहांत मागील वर्ष टाकाऊ ठरतें त्यास संग्रह म्हणावें तरी कसें ?

परंतु खरा संग्रह याच्या अगदीं उलट असतो. एकच संघ घ्यावा, आणि त्याचे खेळाडू वर्षानुवर्षें जमवावे. मग एक निराळेंच ज्ञान हातीं येतें. आपल्या मुंबईच्या संघाचेंच उदाहरण घ्या. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्यें सुरू झाली व पहिलें विजेतेपद मुंबईनें मिळविलें. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें तो करंडक याच संघाकडे राहिला. मार्च २०२४ मध्यें वानखेडे मैदानावर विदर्भाचा १६९ धावांनीं पराभव करून मुंबईनें तो बेचाळिसाव्या वेळीं जिंकिला. ही परंपरा एका वर्षाच्या पाकिटांत मावणारी नव्हे.

या संघाचीं चित्रें क्रमानें मांडून पाहावीं. विजय मर्चंट हे गिरणीमालकाच्या घरांतील. एकनाथ सोलकर हे हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचे चिरंजीव. दोघांचीं कार्डें निरनिराळ्या पानांवर येतील. पण संग्राहकानें थोडा शोध केला तर त्यास आढळेल कीं, १९७१ सालीं ज्या निवड-समितीनें अजित वाडेकर यांस भारताचें नायकपद दिलें, तिचे अध्यक्ष मर्चंटच होते, आणि त्या वर्षीं वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणाऱ्या संघांत फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत उभे राहून झेल टिपणारे सोलकर होते. सत्तावीस कसोटी सामन्यांत त्यांनीं त्रेपन्न झेल घेतले. याच मालेंत पारशी समाजांतील पॉली उम्रीगर येतील, दादरच्या मैदानांवर वाढलेले कित्येक मराठी खेळाडू येतील, आणि शेवटीं आपल्या उपनगरांतील बोरीवलीच्या शाळेंत शिकलेला रोहित शर्मा येईल. गिरणीमालक व माळी, पारशी व मराठी, शहर व उपनगर हीं सर्व एका वहींत शेजारीं शेजारीं बसलेलीं पाहणें, हा इतिहासाचाच एक पाठ आहे. आणि तो शिकविण्यास शिक्षकाची छडी लागत नाहीं.

मात्र कार्डाच्या पाठीवर छापिलेल्या आंकड्यांवर संग्राहकानें भरंवसून राहूं नये. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदु संघाविरुद्ध फॉलो-ऑन मिळालेल्या ‘रेस्ट’ संघानें दुसऱ्या डावांत ३८७ धावा केल्या, व त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. हा आंकडा कोणत्याही कार्डावर शोभेल. परंतु त्याच डावांत त्यांचे बंधु विवेक हजारे यांनीं दुसरी बाजू धरून ठेविली व दोघांनीं मिळून ३०० धावांची भागी केली. तींत विवेक यांचा वांटा अवघा २१ धावांचा. एकवीस धावा करणाऱ्याचें कार्ड कोण छापणार ? तथापि ते एकवीस नसते, तर तीनशें नऊ झाले असते काय ? घरोघरीं अशा एकवीस धावा करणारीं माणसें असतात, हें मुलांस यावरून कळलें तरी पुष्कळ झालें.

आतां मी कपाटांत टाकिलेल्या त्या जुडीकडे वळतों. पालकसभा झाल्यावर, फाडावयाचीं तर निदान पाहून फाडावीं, म्हणून मीं ती सोडिली. बरींचशीं कार्डें बाजारांतील, चकचकीत होतीं. त्यांच्या मधोमध एक कार्ड निराळें निघालें. पुठ्ठ्याचा तुकडा तेवढ्याच आकाराचा कापून त्यावर वर्तमानपत्रांतील एक काळें-पांढरें चित्र चिकटविलें होतें, व मागें बालिश अक्षरांत लिहिलें होतें : ‘पद्माकर शिवलकर. मुंबई. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे बळी ५८९. रणजी अंतिम सामना १९७३, मद्रास, १६ धावांत ८ बळी. कसोटी सामने ०.’

मीं त्या विद्यार्थ्यास बोलावून विचारिलें. तो भीतभीत म्हणाला, “सर, आजोबांनीं त्यांना शिवाजी पार्कवर गोलंदाजी करतांना पाहिलंय. ते म्हणतात, यांच्याशिवाय मुंबईचा संघ पुरा होत नाहीं. कार्ड कुठंच मिळेना, म्हणून आम्ही दोघांनीं घरींच केलं.” शिवलकर ३ मार्च २०२५ रोजीं निवर्तले, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांतील तें चित्र होतें. शेवटचें शून्य मुलानें लाल शाईनें लिहिलें होतें. कां, असें विचारतां तो म्हणाला, “तें शून्य त्यांचं नाहीं, सर.”

मी निरुत्तर झालों. जें कार्ड मी फाडणार होतों, त्यांत माझ्या व्याकरणाच्या तासाहून अधिक शिक्षण होतें. नातू व आजोबा यांस एकत्र बसवील असें हल्लीं आपल्या घरांत फारसें कांहीं उरलेलें नाहीं. त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यानें तें केलें होतें.

असो. यावरून माझें मत असें बनलें आहे कीं, सरसकट मनाई करणें हा सोपा परंतु चुकीचा उपाय होय. मनाई केल्यानें पाकिटें दप्तरांतून पायमोज्यांत जातील, एवढेंच. त्याऐवजीं तीन नियम असावे. पहिला : कार्ड विकत घेणें तें स्वतःस खाऊसाठीं मिळालेल्या पैशांतून, व घरीं सांगून, पास, फी अथवा डबा यांच्या पैशांस हात लावणाऱ्याचा संग्रह त्याच्या पालकांच्या हवालीं करावा. दुसरा : अदलाबदल खुशाल करावी, पण पणास लावूं नये, यास अपवाद नाहीं. तिसरा : एका विकतच्या कार्डामागें एक हातानें केलेलें कार्ड असावें, आणि तें अशा खेळाडूचें असावें कीं, ज्याचें चित्र बाजारांत मिळत नाहीं.

अशा खेळाडूंची वाण नाहीं. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत मैदानावर राबणारे, अस्पृश्य मानिलेल्या समाजांत जन्मलेले पाळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. अमोल मुझुमदार यांनीं मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यांत २६० धावा केल्या, प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धावा जमविल्या, तरी भारताकडून एकही सामना त्यांस मिळाला नाहीं. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतीय महिला संघानें विश्वचषक जिंकिला, तेव्हां त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. आणि मुलींनो, तुम्हीं हा छंद मुलांचाच कां समजावा ? मुंबईच्या डायना एडुल्जी यांनीं १९७६ पासून देशासाठीं गोलंदाजी केली. उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज आपल्याच मुंबईची कन्या. त्यांच्यासाठींही पुठ्ठा कापा.

पालकांस एक विनंति. मुलाच्या हातीं कार्ड दिसतांच ‘किती पैसे उडविलेस’ असें विचारूं नये असें मी म्हणत नाहीं. तें अवश्य विचारावें. परंतु त्यानंतर ‘हा कोण’ असेंही विचारावें. मुलास उत्तर देतां आलें तर तो छंद आहे. न आलें तर तो नाद आहे, व तो वेळींच सोडविला पाहिजे. दोहोंतील भेद ओळखण्यास याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाहीं.

ज्या मुलानें पासाचे पैसे घालविले, त्याच्यावर रागावून झालें आहे. दर शनिवारीं तो वाचनालयांत जुनीं वर्तमानपत्रें लावण्याचें काम करतो, आणि टाकावयाच्या अंकांतील चित्रें कापून नेण्याची त्यास परवानगी दिली आहे. गेल्या शनिवारीं त्यानें सोलकरांचें चित्र शोधून काढिलें. शिवलकरांचें कार्ड तेवढें मीं दोन दिवस अधिक ठेवून घेतलें होतें, शिक्षकांच्या खोलींत दाखविण्यासाठीं. आतां तेंही ज्याचें त्यास परत केलें आहे.

— एक मराठी शिक्षक