कपाटाची किल्ली





गेल्या वर्षी बक्षीस समारंभात सातवीतल्या एका मुलीला आम्ही मराठी पुस्तक बक्षीस दिले. पुस्तक हातात घेऊन ती मंचावरून खाली उतरणार, तेवढ्यात वळून तिने विचारले, "सर, हे तुम्ही वाचलंय?" आम्ही म्हणालो, "छान आहे, वाच हं." तिच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे. पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी, आणि ती आम्ही वाचलेली नव्हती.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. हेच पुस्तक आमच्या घरी २००१ पासून होते. त्या वर्षी आपल्या इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. १९१७ आणि १९३५ नंतर आपल्या शहराला मिळालेला हा तिसरा मान. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो. उत्साहाने गेलो, भाषणे ऐकली, ओळखीच्या लोकांना भेटलो, जेवलो आणि चार पुस्तके विकत आणली. ती चारही पुस्तके अनेक वर्षे कोरी राहिली. या काळात 'मातृभाषेचे महत्त्व' या विषयावर आम्ही किती भाषणे केली, ते मोजलेले नाही.

आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी बोलत होतो, आरत्या मराठीत म्हणत होतो, आजी रागावली की मराठीतच रागवायची. पण वाचन हिंदीत. मराठीचे पान समोर आले की गाडी बैलगाडी व्हायची. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवले की रोज रात्री जेवण झाल्यावर दहा पाने वाचायची, मग वेळ कितीही लागो. त्या वाचनात आम्हाला जे वाटले, ते आज येथे मांडतो.

सुरुवात अर्थातच 'बनगरवाडी'ने केली. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटी कादंबरी. एक कोवळा तरुण मास्तर धनगरांच्या आडबाजूच्या वाडीवर नेमणूक घेऊन जातो. शाळा नावालाच आहे, मुले मेंढरांमागे रानात आहेत, आणि शिकून काय होणार, हे कोणालाच पटलेले नाही. आम्हाला वाटले होते की पुढे मास्तर वाडीला शहाणे करील. तसे फारसे होत नाही. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, भांडणे मिटवतो, कधी फसतो, कधी ओशाळतो, आणि हळूहळू वाडीच मास्तरला घडवते. वाडीत तालीम उभी राहते, राजेसाहेब येतात, आणि मग दुष्काळ पडतो. माणसे पोटासाठी निघून जातात, वाडी ओस पडते. शेवटची पाने वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. ज्या शाळेत मुलेच उरली नाहीत तिच्या मास्तरचे दुःख दुसऱ्या मास्तरला समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक गंमत. माडगूळकरांचे गाव त्या काळी औंध संस्थानात होते. त्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हेच १९३५ च्या आपल्या इंदूर संमेलनाचे अध्यक्ष होते. ते माणदेश आम्ही पाहिलेले नाही. पण हे कळल्यावर ती वाडी आम्हाला परकी वाटेना.

दुसरे पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. हे आम्ही आधी वाचलेले होते, पण हिंदीत! अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने त्याचा अनुवाद केला आहे आणि कॉलेजात असताना तो आमच्या हाती आला होता. कोकणातल्या पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, घरच्या कर्जापायी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघतो. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. वाटेत आपल्या महूजवळ येईपर्यंत बंड पेटलेले असते. पुढे ग्वाल्हेर, झाशी. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हाची कत्तलही. पैसा मिळाला, लुटला गेला, पुन्हा मिळाला, पुन्हा लुटला गेला. हे पुस्तक ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश राहिलेल्या चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापून प्रसिद्ध केले.

हिंदीत वाचताना आम्ही गदर वाचला होता. मराठीत वाचताना आम्हाला गोडसे भटजी भेटले. चारी बाजूंनी आग लागलेली असताना या माणसाला स्नानसंध्येची, जेवणाची आणि आईवडिलांची काळजी आहे. ती भाषा ऐकताना आम्हाला आमच्या आजीकडे येणारे जुने भटजी आठवले. नागरजींचे उपकार आम्ही विसरणार नाही. ते नसते तर या पुस्तकाचे नावही आम्हाला कळले नसते. पण मूळ मराठी आपल्या घरातले असून आपण ते हिंदीतून उसने घेतो, याची रुखरुख लागली.

कोणी असे समजू नये की आम्ही हिंदीविरुद्ध काही बोलत आहोत. ज्या भाषेने आम्हाला पदवी आणि पोट दिले, तिच्याशी आम्ही बेइमानी करणार नाही. म्हणून तिसरे पुस्तक मुद्दाम हिंदीचे घेतले, श्रीलाल शुक्ल यांचे 'राग दरबारी'. १९६८ ची ही कादंबरी. विद्यार्थी असताना वाचली तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. त्यात शिवपालगंज नावाच्या गावात एक इंटर कॉलेज आहे, त्याचे सर्वेसर्वा वैद्यजी, आणि त्यांच्यापुढे माना डोलावणारे एक प्रिन्सिपॉल साहेब आहेत. तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून हसलो होतो. आता प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत बसून वाचले आणि हसू घशातच अडकले. (आमचे विश्वस्त वैद्यजींसारखे मुळीच नाहीत, हे येथे नमूद करणे आमच्या हिताचे आहे!) पुस्तक तेच असते, वाचणारा बदलतो. म्हणून मोठ्यांनी आपली तरुणपणीची पुस्तके पुन्हा एकदा उघडून पाहावीत, असे आम्हाला वाटते.

चौथे पुस्तक 'तोत्तोचान', तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेच्या शाळेच्या आठवणी. मूळ १९८१ चे, आम्ही मराठी अनुवाद वाचला. एका शाळेतून नाव काढलेल्या लहान मुलीला आई तोमोए नावाच्या शाळेत आणते. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी तिला म्हणतात, तुला जे सांगायचे ते सांग, आणि कित्येक तास ते नुसते ऐकत राहतात. शाळेचे वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. एक दिवस आणखी एक डबा येतो आणि त्याचे वाचनालय होते. कोबायाशी मुलांना सांगतात की कोणीही कोणतेही पुस्तक घ्यावे. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळून गेली.

हे वाचले त्या दिवशी सकाळी शाळेत आलो आणि आमच्याच खोलीतले मराठी पुस्तकांचे कपाट दिसले. कपाटाला कुलूप, आणि किल्ली आमच्या टेबलाच्या खणात. मुले पुस्तके हरवतात, फाडतात, म्हणून किल्ली आमच्याकडे ठेवण्याचा निर्णय कोणी केला होता? आम्हीच. नोंदवही काढून पाहिली. त्या वर्षात एकही पुस्तक हरवले नव्हते, कारण एकही पुस्तक बाहेर गेले नव्हते.

पालकसभेत दरवेळी एक तक्रार येते की मुलांना मराठी वाचताच येत नाही. तक्रार खरी आहे. आमचे मत असे की ज्या घरात आणि ज्या शाळेत मोठी माणसे मराठी वाचताना दिसत नाहीत, तिथे मुलांनी ते वाचावे, ही अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही. गणेशोत्सव, हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ हे सगळे आपण मनापासून करतो आणि करावेच. पण त्याने कानात आणि जिभेवर भाषा राहते, डोळ्यांत राहत नाही. आमचे स्वतःचे उदाहरण समोर आहे.

काही जण म्हणतील की अभ्यास, कोचिंग, इंग्रजी यांतून मुलांना वेळ कुठे आहे? वेळ नाही, हे मान्य. आम्हालाही नव्हता. दहा पाने वाचायला पहिल्या आठवड्यात आम्हाला तास लागत होता, सुट्टी संपताना निम्मा वेळ पुरू लागला. चुकाही खूप झाल्या. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत मिळाली तर मूल रडते, हिंदीतला 'संसार' सगळ्या जगाएवढा आणि मराठीतला चार भांड्यांचा, आणि 'चेष्टा करू नका' याचा अर्थ 'प्रयत्न करू नका' असा नाही! अशा ठिकाणी आम्ही अडखळलो, घरच्या मंडळींना विचारले, ते हसले, आम्हीही हसलो. यात आमच्या पदाची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी म्हटले नाही.

आता काही विनंत्या. विश्वस्त मंडळींना विनंती की कपाटाचे कुलूप काढण्यास मान्यता द्यावी, आणि दरवर्षी काही पुस्तके हरवतील, फाटतील, हा खर्च आधीच गृहीत धरावा. फाटलेले पुस्तक निदान कोणी उघडले तरी होते. आठवड्यात एक तास वाचनाचा ठेवावा, ज्यात शिक्षक, शिपाई आणि आम्ही स्वतः, सगळेच वाचत बसू. त्यावर परीक्षा नको, गुण नकोत. पालकांना विनंती की मुलाला पुस्तक देण्याआधी स्वतःसाठी एक आणावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही चुकत चुकत वाचा. मोठ्याने वाचताना अडलात तर लाजू नका, तुमचे प्राचार्यही अडतात.

ती मुलगी आता आठवीत आहे. शाळा उघडल्यावर आम्ही तिला बोलावून सांगितले की आता आम्ही 'बनगरवाडी' वाचली. ती म्हणाली, "मी अर्धीच वाचलीय सर, पुढचं सांगू नका." आम्ही सांगितले नाही. तिची कादंबरी पूर्ण झाली की शेवटाबद्दल आम्हा दोघांना बोलायचे आहे.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य