कोरड्या भूमीचे पुत्र

'भूमिपुत्र' हा शब्द मराठी राजकारणात साठ वर्षे चलनात आहे. एवढ्या काळात कोणतेही नाणे झिजावयास हवे होते. हे झिजले नाही, कारण ते कोणी वाजवून घेतलेच नाही. भूमी आपल्या पुत्रांना पोसते काय, आणि पोसत नसेल तर ते जातात कोठे, हे प्रश्न सभेत विचारावयाचे नसतात. ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विचारून पाहावेत, एवढेच या लेखाचे प्रयोजन. अस्मितेच्या भाषणांना साताऱ्याची गादी आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ही हक्काची आभूषणे वाटतात. तेव्हा परीक्षाही तेथेच व्हावी हे उचित.

आधी नकाशाविषयी. सांगली नावाचा जिल्हा १९६० पूर्वी नव्हता. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले, दक्षिण भागाला 'दक्षिण सातारा' म्हटले गेले आणि पुढे त्याचे सांगली असे नामांतर झाले. यशवंतराव चव्हाण जन्मले तेव्हा देवराष्ट्रे हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. गाव जागचे हलले नाही, माणसांनी कूस बदलली नाही, तरी ओळखीतला एक शब्द बदलला. सरकारी हुकमाने जे बदलते ते रक्तातून आलेले आहे असे मानून मुठी आवळण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

याहून खरी सरहद्द पाण्याची आहे. पश्चिमेला कृष्णाकाठ, उसाचे फड, साखर कारखाने. पूर्वेला खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव, म्हणजे पर्जन्यछायेतला माणदेश. या कोरड्या पट्ट्यातला तरुण पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून गेला आणि गलाईचा धंदा शिकला. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोट, मुशीतला गाळ यांतून आटवून, तेजाबात घालून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढणे हे गलाईचे काम. विषारी धुराचे, भट्टीच्या आचेचे, रात्री-अपरात्रीचे. विटा आणि भोवतालच्या गावांतले हे गलाई बांधव आज देशभर पसरले आहेत. कोइमतूरला आहेत, त्रिशूरला आहेत, उत्तरेच्या सराफ बाजारांतही आहेत. ते तेथील भाषा बोलतात, त्यांची मुले तेथील शाळांत शिकतात, आणि गावाकडचे घर, यात्रा व देऊळ त्यांच्या पैशांवर उभे राहते. आपल्याकडच्या व्याख्येनुसार हे सर्व लोक काय ठरतात? परप्रांतीय. स्थानिकांचा धंदा करणारे, स्वस्तात राबणारे, कमाई गावी धाडणारे परप्रांतीय. उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यावर जे जे आरोप होतात ते सगळे गलाईवाल्याला जसेच्या तसे लागू पडतात. ते तमिळ सभेत त्याच्याविरुद्ध रोज होत नाहीत, हे तमिळ माणसाचे औदार्य. आणि हे औदार्य ज्या प्रांताकडून मिळते, त्याच प्रांताच्या लोकांना १९६६ नंतर मुंबईत 'लुंगीवाले' म्हणून हटवावयाचे होते, ही गोष्ट विट्याच्या बाजारपेठेत कोणी तरी मोठ्याने सांगावयास हवी.

दुसरा प्रवाह मुंबईकडे गेला. पाटण, जावळी, माण येथील माणसे गिरणीत गेली, गोदीत गेली, मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहू लागली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील हे त्यांतलेच. त्यांनी त्या पाठींची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांसाठीचा कायदा झाला. ज्या दशकात भूमिपुत्रांची घोषणा जन्मली त्याच दशकात हा कायदा जन्मला. दोहोंची पद्धत मात्र निराळी. घोषणेने कामगाराला विचारले, तू कोठला? कायद्याने मालकाला विचारले, याची नोंद कोठे आहे? मंडळे स्थापन झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. या कायद्यात पोते वाहणाऱ्याचे जन्मगाव विचारलेले नाही, आणि त्याचा सर्वाधिक लाभ साताऱ्याच्याच माणसांना झाला. मराठी कामगाराचे भले कोणत्या मार्गाने झाले, घोषणेच्या की नोंदीच्या, याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे.

आता तिसरा प्रवाह, आणि या लेखातला खरा मुद्दा. तो उलट दिशेने येतो. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठच्या फडांवर उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात; दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कोयत्याला फड सोडता येत नाही. पाचटाची खोपी, पहाटेची थंडी, बैलगाडी, पोरांची बुडालेली शाळा. हे लोक मराठी बोलतात. त्यांच्या देव्हाऱ्यात तोच खंडोबा, तोच विठोबा. त्यांच्या महाराष्ट्रीयत्वाविषयी कोणाला शंका नाही. तरीही गावाच्या लेखी ते 'बाहेरचे' असतात. त्यांची वस्ती गावकुसाबाहेर, पाण्यासाठी त्यांनी कोणाच्या तरी विहिरीवर मिनतवारी करावयाची, आणि चोरी झाली तर पहिला संशय त्यांच्यावर.

मराठीपण हेच आपुलकीचे कारण असते, तर बीडच्या बाईला वाळव्यात ती आपुलकी मिळावयास हवी होती. मिळत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. परका ठरविण्याची कसोटी भाषेची नसून बस्तानाची आहे. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, ज्याचे नाव येथल्या रजिस्टरात नाही, तो परका. भाषेचे कारण नंतर, सोयीनुसार जोडले जाते. बिहारीच्या बाबतीत ते जोडता येते म्हणून जोडतात. बीडकराच्या बाबतीत जोडता येत नाही म्हणून गप्प राहतात. वागणूक दोघांना एकच.

कोणास हा निष्कर्ष अतिरेकी वाटत असेल तर त्याने २०२० चा उन्हाळा आठवावा. टाळेबंदीत ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर अडकून पडले. एप्रिलच्या मध्यावर त्यांना गावी परतण्याची मुभा मिळाली. १ मे रोजी, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेला साठ वर्षे पूर्ण होत असताना, नाशिकहून परप्रांतीय मजुरांची पहिली श्रमिक रेल्वे सुटली. ज्यांनी जावे म्हणून २००८ मध्ये दगड उचलले गेले होते ते खरोखरच निघाले, आणि थोड्याच दिवसांत ते परत कधी येतील याची चौकशी ठेकेदार करू लागले. याच काळात मुंबईहून परतणाऱ्या स्वतःच्या भाऊबंदांसाठी ठिकठिकाणी गावांच्या वेशी बंद झाल्या. कोठे काट्या टाकल्या गेल्या, कोठे रस्ता खणला गेला. 'मुंबईकर' हा शब्द महिनाभरात शिवीसारखा झाला. ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावे जगली तेच वेशीवर परप्रांतीय ठरले. भीती दाटली की भूमिपुत्राचे वर्तुळ किती आवळत जाते, हे तेव्हा दिसले.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. मराठीचा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्रातल्या बँकेत, टपाल कार्यालयात, रेल्वेच्या खिडकीवर मराठीत उत्तर मिळावे, हा नागरिकाचा हक्क आहे. रेल्वे भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत ही २००८ ची तक्रार रास्त होती. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्याच्या शासन निर्णयाला विरोध झाला, तो मागे घ्यावा लागला, हेही योग्यच झाले. परंतु या तिन्ही ठिकाणी प्रतिवादी कोण होता? बँक, रेल्वे, शासन. ज्यांच्या हाती निर्णय असतो ते. मग ऑक्टोबर २००८ मध्ये मार कोणी खाल्ला? परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांनी. २०२५ मध्ये मीरा रोडला थप्पड कोणाच्या गालावर बसली? एका दुकानदाराच्या. फिर्याद एकाविरुद्ध आणि शिक्षा दुसऱ्याला, हा कोणता न्याय? रेल्वे मंडळाच्या अध्यक्षाला जाब विचारणे कठीण असते, भेळवाल्याची हातगाडी उलथणे सोपे असते. सोपे तेच शौर्य म्हणून खपविले जाते, आणि भाषेच्या रास्त मागणीला गुंडगिरीचा डाग लागतो. मराठीचे यात नुकसानच झाले आहे.

स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या, हा दुसरा युक्तिवाद. महाराष्ट्राचे यासंबंधीचे शासन निर्णय जुने आहेत, आणि त्यांतली स्थानिकाची व्याख्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याची आहे. म्हणजे सरकारी कागदही जन्म आणि रक्त विचारीत नाही. पण ही कल्पना संसर्गजन्य आहे हे विसरून चालणार नाही. हरियाणाने खाजगी क्षेत्रात पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा केला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये तशाच विधेयकाला मान्यता दिली आणि ओरड होताच ते स्थगित ठेवले. उद्या प्रत्येक राज्याने हाच मार्ग धरला तर सर्वाधिक भरडला जाईल तो ज्याचे अर्धे गाव परराज्यात आहे तो तालुका. त्या तालुक्याचे नाव खानापूर असेल.

याहून मोठी विसंगती सातासमुद्रापलीकडची. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री यांना जर्मन शिकवून तेथे धाडण्याची ही योजना. उत्तम आहे. पण त्या देशात फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध रान उठविणारा पक्ष वीस टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या पक्षाचा वक्ता साताऱ्याच्या परिचारिकेकडे बोट दाखवून 'ही आमची नव्हे' असे म्हणेल, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने प्रतिवाद करणार? त्याचे भाषण मराठीत उतरविले तर आपल्याच एखाद्या मैदानावरचे वाटेल.

या भूमीची स्वतःची परंपरा निराळी आहे. बेळगावकडून आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच औंध संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या घडणीत गांधीजींबरोबर मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या ज्यू अभियंत्याचा वाटा होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाची कल्पनाही फ्रीडमनचीच, आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तेथलीच. माणदेशाच्या माळावर कैद्यांना माणूस मानणारा विचार एका परदेशी माणसाने रुजविला, आणि औंधच्या राजाने त्याचे जन्मगाव पाहून त्याला परत पाठविले नाही. अभिमानच बाळगावयाचा तर याचा बाळगावा.

शेवटी पुन्हा पाणी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. त्या गावांनी पूर्वी तसे ठराव का केले होते, हे किती जणांनी विचारले? पाणी मिळत नव्हते म्हणून. तहानलेल्या गावाला अस्मिता पाजता येत नाही. कृष्णेचे पाणी कोरड्या पट्ट्यात नेणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या योजना दशकानुदशके रेंगाळल्या. त्या रेंगाळल्याबद्दल कोणत्याही परप्रांतीयाला दोष देता येत नाही. त्या काळात येथे सत्ता भूमिपुत्रांचीच होती.

म्हणून पुढच्या सभेत कोणी भूमिपुत्रांच्या नावाने हाळी दिली, तर सातारा-सांगलीच्या श्रोत्याने तीन गोष्टी मागाव्यात. फडावरच्या कोयत्याची नोंद व उचलीचा लेखी हिशेब, त्याच्या पोरांना हंगामभर शाळा, आणि माणदेशाच्या शिवारात पाणी. हे देण्याची ज्याची तयारी असेल त्याने खुशाल मराठी माणसाचा कैवार घ्यावा. ज्याची नसेल, त्याने निदान विट्याच्या चौकात परप्रांतीयांवर बोलू नये. तेथे ऐकणाऱ्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी परप्रांतात आहे.