गळणारे छिद्र

शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, मिक्सर अशा घरगुती यंत्रांविषयी आम्ही या सदरात आजवर लिहीत आलो. या खेपेचे यंत्र जरा आडदांड आहे. वाचक सांभाळून घेतील अशी आशा आहे.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या आमच्या अंगणात एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. ती आमच्या भाच्याची. चिखलातून, खाचखळग्यांतून पळवण्यासाठीच बनवलेली, २५० सी.सी.ची, जुनी विकत घेतलेली. दोन वर्षे शिकवण्या करून साठवलेला पैसा त्याने तीत घातला होता. आमच्या पिढीने राजदूत, येझदी, बुलेट पाहिल्या. त्यांची इंजिने वाऱ्यावरच निवत. हिच्या इंजिनाभोवती मात्र कूलंट खेळते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परतते.

"मामा, दर फेरीला पेलाभर कूलंट कमी होते आणि जमिनीवर थेंब दिसत नाही," ही त्याची तक्रार. एका गॅरेजने 'हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल' असे सांगून जो खर्च काढला, तो ऐकून आमच्या भगिनीने "विकून टाक ती पीडा" असा निकाल देऊन टाकला. पोराचा चेहरा पाहवेना. उद्यमबागेत यंत्रांच्या संगतीत आमची तीस वर्षे गेलेली. तेव्हा निदान पाहावे तरी, असे ठरले.

गॅरेजची शंका अगदीच निराधार नव्हती. कूलंट बाहेर न दिसता नाहीसे होत असेल, तर ते इंजिनाच्या पोटात शिरत असण्याचा संभव असतोच. पण त्याच्या खुणा असतात. तेल दुधाळ होते. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. गार इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले, तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. आम्ही तिन्ही गोष्टी पाहिल्या. तेल स्वच्छ, धूर नाही, बुडबुडे नाहीत. मग डोके उतरवण्याची घाई कशाला?

दुसरी शंका झाकणाची. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच समजा. आतला दाब साधारण १.१ बारपर्यंत वाढू देणे आणि त्यापुढचा सोडून देणे, हे त्याचे काम. दाब वातावरणापेक्षा आणखी एका वातावरणाने वाढला, की साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते; म्हणून हा खटाटोप. झाकणाचे रबर चिरले, की कूलंट लवकर उकळून नळीवाटे बाहेर जाते. वाफ कोंडलेला कुकर कोणी उघडत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकणही कधी उघडू नये. उसळणारे कूलंट हात आणि चेहरा भाजून काढते. आमच्या गाडीचे रबर ठीक होते.

मग इंजिनाखालचा संरक्षक पत्रा काढला. धुण्याआधी पाहावे, हा आमचा जुना नियम. पत्र्यात तांबड्या मातीचा थर बसला होता आणि उजव्या अंगाला त्यावर हिरवट ओल होती. जमिनीवर थेंब का दिसत नव्हता, हे तिथेच उमगले. माती तो पिऊन टाकीत होती. गाडी धुऊन, पुसून कोरडी केली. भगिनीचा पावडरचा डबा मागून आणला आणि नळ्यांच्या जोडांवर, रेडिएटरच्या कडांवर व वॉटर पंपाभोवती पावडर भुरभुरली. मग झाकणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप लावून झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब दिला. अधिक दिला, तर रेडिएटरच फाटायचा. काटा हळूहळू उतरू लागला. दहा मिनिटांनी पंपाखालच्या एका बारीक छिद्रापासून पावडरवर ओली रेघ उमटली.

"मामा, सापडले! लांबी भरून छिद्र बुजवून टाकू," म्हणत भाचा धावला. इथे मात्र आम्हांला आवाज चढवावा लागला. ते छिद्र गळण्यासाठीच ठेवलेले असते. पंपाच्या दांड्याची एक बाजू कूलंटमध्ये, दुसरी इंजिनाच्या तेलात. मध्ये दोन सील आणि त्या दोहोंच्या मधोमध हे छिद्र. कूलंट गळले तर कूलंटकडचे सील गेले, तेल गळले तर तेलाकडचे. छिद्र बुजवले, की कूलंटला तेलाकडे शिरण्यावाचून वाट उरत नाही आणि इंजिनाची बेअरिंगे त्यात नासतात. दीड वीत पत्र्याच्या आड चाललेली ही गळती इंजिनाला वाचवीत होती. गाडी धुताना हे छिद्र मातीने बुजलेले नाही ना, हेही पाहत जावे.

गार इंजिनातून कूलंट व तेल काढून उजवे झाकण उतरवले. दांड्यावर नख फिरवताच सीलच्या जागी खाच लागली. अशा दांड्यावर नुसते नवे सील बसवले, तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा गळते. म्हणून दांडा, दोन्ही सील, ओ-रिंग आणि झाकणाचे गॅस्केट नवे घातले. सीलच्या ओठाला किंचित ग्रीस लावून, उत्पादकाच्या पुस्तिकेतली दिशा पाहून ते सरळ बसवले. सगळा खर्च गॅरेजच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. पुन्हा दाब दिला. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही.

भरताना विहिरीचे पाणी घालू नये. त्यातील क्षार आत थर धरतात. ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठी असलेले तयार कूलंटच घ्यावे. हवा निघेपर्यंत इंजिन चालवून, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावी. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि जहाल विषारी असते. काढलेले कूलंट आम्ही पातेल्यात ठेवून वळलो, तोच घरचा कुत्रा त्यात तोंड घालू पाहत होता. वेळीच हाकलला म्हणून निभावले. ते झाकणाच्या डब्यात, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. गटारात ओतू नये.

भाचा आता दर रविवारी, गाडी गार असताना, पातळी पाहतो. भगिनी गाडी विकण्याची गोष्ट काढीत नाही. पावडरच्या डब्याची मात्र आठवण करून देते. तो डबा अजून आमच्याच हत्यारांच्या पेटीत आहे.